कुलूप उघडं ठेवा, मग निर्णय मागा

प्रश्न

शिरोली एमआयडीसीत आमचं मशिन शॉप आहे. आबांनी उभं केलं. त्यांच्या बायपासनंतर गेली ३ वर्षं मी बघते. ११ मशिनं, दोन्ही पाळ्यांची मिळून चाळीसेक माणसं. फाउंड्रीतून कास्टिंग (ओतीव भाग) येतं, आम्ही हब आणि हाउसिंग या सुट्या भागांचं मशिनिंग करून चाकणला पाठवतो. अडचण एकच, कुणी काही स्वतः ठरवत नाही. रात्री साडेअकराला फोन येतो, "ताई, इन्सर्ट गेलाय, बदलू का?" (इन्सर्ट म्हणजे टूलच्या टोकाला लावायचा, धातू कापणारा बदलता तुकडा.) भाचीच्या हळदीत बसले होते तरी फोन सुरूच. मागच्या वर्षी ८ जणांना हॉटेलातल्या दोन दिवसांच्या 'ओनरशिप माइंडसेट' ट्रेनिंगला पाठवलं. सर्टिफिकेटं आली, फोन तेवढेच राहिले. जानेवारीत सगळ्यांना गोळा करून सांगितलं, आजपासून तुमचे निर्णय तुम्ही घ्या. महिन्याभरात एका ऑपरेटरने रात्रपाळीला न विचारता इन्सर्ट बदलला आणि २२ हबचे बोअर, म्हणजे आतली भोकं, मापापेक्षा मोठे झाले, सगळे हब भंगारात. इन्सर्टचं कपाट कुलुपात असतं, किल्ली सुपरवायझरकडे आणि तो दिवसपाळीचा. याने म्हणे एक इन्सर्ट आपल्या खणात लपवून ठेवला होता. बोअरचं नेमकं माप घेणारा बोअर गेज क्यूसी रूममध्ये (माल तपासायच्या खोलीत), तीही रात्री बंद, म्हणून साध्या व्हर्नियरवर भागवलं. सकाळी आबांनी त्याला सगळ्यांसमोर झापलं. आता तर चहाला जाऊ का तेही विचारतात. आमची माणसंच अशी आहेत का? की सरळ एक मॅनेजर नेमू?

— एक उद्योजिका, कोल्हापूर

उत्तर

ताई,

माणसं अशी नाहीत, आणि त्याचा पुरावा तुमच्याच पत्रात आहे. ज्याने बोलणी खाल्ली त्याने त्या रात्री काय केलं, ते आबांचा आवाज बाजूला ठेवून पुन्हा बघा. फिनिश खराब यायला लागली, इन्सर्टची कडा गेली हे त्याने ओळखलं. कपाटाला कुलूप, किल्लीवाला घरी झोपलेला. तरी मशिन उभं करून सकाळची वाट बघत तो बसला नाही, होता तो इन्सर्ट लावून काम चालू ठेवलं. इथपर्यंत त्याचं सगळं बरोबर आहे. तुम्ही तिथे उभ्या असतात तर तुम्हीही हेच करायला सांगितलं असतंत.

चुकलं ते पुढे. कडा झिजत जाते तसतसा बोअर लहान यायला लागतो, म्हणून ऑपरेटर थोडाथोडा वेअर ऑफसेट (झीज भरून काढणारी मापातली दुरुस्ती) मशिनला देत राहतो. इन्सर्ट बदलला की तो साठलेला ऑफसेट काढून टाकायचा असतो. तो तसाच राहिला तर नव्या कडेचं पूर्ण माप आणि वर जुना ऑफसेट, अशी बेरीज होऊन बोअर मोठा येतो. तुम्ही कारण लिहिलेलं नाही, पण खुणा तिकडेच जातात. खरं तर बदलल्यानंतरचा पहिला पीस मोजला असता तर नुकसान एका हबवर थांबलं असतं. मोजणार कशाने? बेअरिंग बसायचा बोअर व्हर्नियरने तपासणं म्हणजे भाजीच्या तराजूत सोनं तोलणं.

म्हणजे एकाच रात्री त्याच्या वाटेत दोन कुलपं होती. जानेवारीत तुम्ही तोंडाने सांगितलंत, ठरवा. कुलपं सांगत होती, ठरवू नका. माणसं नेहमी कुलपाचं ऐकतात, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही.

जरा ऑपरेटरच्या जागी बसून हिशेब करा. फोन करून विचारलं तर काय पडतं? काहीच नाही. उलट नंतर काही बिघडलं तर "ताईंनीच सांगितलं होतं" ही ढाल मिळते. स्वतः ठरवलं आणि बरोबर निघालं तर कुणाच्या लक्षातही येत नाही. ठरवलं आणि चुकलं, तर सकाळी आठ वाजता चाळीस माणसांसमोर पाणउतारा. ज्या शॉपमध्ये विचारणं फुकट आणि ठरवणं महाग आहे, तिथे शहाणा माणूस विचारणारच. याला तुम्ही मानसिकता म्हणता, मी व्यवहार म्हणतो. आणि व्यवहार हॉटेलात दोन दिवस टाळ्या वाजवून बदलत नाही. त्या ट्रेनिंगचे पैसे गेले असं समजा. पुढच्या वर्षी तो ट्रेनिंगवाला पुन्हा ब्रोशर घेऊन येईल, त्याला चहा पाजून परत पाठवा.

आता कपाट. पहिली गोष्ट तेच उघडायचं. इन्सर्ट पळवतील, वाया घालवतील ही तुमची भीती मला कळते. पण कुलूप असतानाही खणात इन्सर्ट निघालाच ना? आज बाकीचे खण उघडलेत तर आणखी निघतील. वेळेवर मिळत नाही म्हणून माणसं साठा करतात. त्यापेक्षा प्रत्येक मशिनला आठवड्याच्या हिशेबाने इन्सर्टचा ट्रे द्या, डबीवर किंमत ठळक लिहा, सोमवारी ट्रे मोजा. जास्त गेले तर का गेले ते विचारा, पण लागल्यानंतर. लावण्याआधी परवानगी नको. किंमत लिहिणं महत्त्वाचं आहे. इन्सर्टची एक कडा केवढ्याला पडते आणि एक हब भंगारात गेला की कास्टिंगसकट किती जातात, हे दोन आकडे तुमच्या किती ऑपरेटरना माहीत आहेत? ज्याला किंमतच माहीत नाही त्याच्याकडून काटकसरीचा निर्णय कसा मागायचा? (तुमच्याच पट्ट्यातली गोष्ट सांगतो. १९१० साली कुंडलजवळच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडी वसवली, तेव्हा रात्रीच्या पहाऱ्यावर त्यांनी शिक्षा भोगून आलेली माणसं ठेवली होती. आपण शंभर वर्षांनंतर इन्सर्ट कुलुपात ठेवतो.)

दुसरं म्हणजे, "तुमचे निर्णय तुम्ही घ्या" या वाक्याला काठच नव्हता. कुठले निर्णय? फीड (टूल पुढे सरकायचा वेग) कमी करायचा की नाही? ब्लो होल (ओतताना हवेने राहिलेलं छिद्र) दिसलेलं कास्टिंग बाजूला काढायचं की नाही? ओव्हरटाइमला कुणाला थांबवायचं? रिट्झ-कार्ल्टन हॉटेलांचा एक नियम मॅनेजमेंटच्या वर्गात नेहमी सांगतात. तिथला कुठलाही कर्मचारी, अगदी खोली साफ करणारासुद्धा, पाहुण्याची अडचण सोडवायला वरिष्ठांना न विचारता २,००० डॉलरपर्यंत खर्च करू शकतो. ऐकणारे त्यातल्या उदारपणावर खूश होतात. मला त्यातला आकडा जास्त कामाचा वाटतो. आकडा आहे म्हणून त्या माणसाला ठाऊक असतं की इथपर्यंत मला कुणी जाब विचारणार नाही. तुमच्या ऑपरेटरला असा काठ दाखवा, मशिन कामासाठी लावून देणाऱ्या सेटरला जरा लांबचा, सुपरवायझरला त्याहून लांबचा.

तो काठ कुठे आखायचा हे मी इथून सांगू शकत नाही, तुमचा फोन सांगेल. पुढचे पंधरा दिवस येणारा प्रत्येक फोन एका वहीत लिहा: कुणाचा, कधी, काय विचारलं. आणि प्रत्येकापुढे एका प्रश्नाचं उत्तर लिहा: याच्याकडे काय असतं तर हा फोन करावा लागला नसता? कुठे गेज असेल, कुठे किंमत, कुठे चाकणच्या क्यूसीवाल्याचा नंबर, कुठे नुसतं "हो, तू करू शकतोस" एवढं वाक्य. माझा अंदाज असा की तेच तेच पाच-सहा प्रश्न फिरून फिरून येतील, आणि खरोखर तुमच्याकडेच यायला हवेत असे फोन एका पानात मावतील. पार्टीला डिस्पॅचची तारीख पुढे ढकलून मागायची, डेव्हिएशनवर (माप थोडं चुकलेलं असताना पार्टीच्या मंजुरीने) माल पाठवायचा, पैशांची मोठी खरेदी, असलं काही. ते तुमच्याकडेच राहू द्या.

इथे एक सावधगिरी. मालकांना हल्ली कुणीतरी शिकवलेलं असतं की माणसाने प्रश्न विचारला की उलट विचारायचं, "तुला काय वाटतं?" ज्याच्याकडे माहिती आहे पण धीर नाही, त्याला हे ठीक. ज्याच्याकडे गेजच नाही, त्याला मध्यरात्री "तुला काय वाटतं?" विचारणं हा छळ आहे.

आणि दोन गोष्टी या सगळ्याच्या बाहेर. मशिनच्या दाराचा इंटरलॉक (दार उघडं असताना मशिन चालू न देणारी सोय) बायपास करणं, गार्ड काढून चालवणं याचा निर्णय कुणाचाच नाही, तुमचाही नाही, डिस्पॅच कितीही अडलेला असो. याच्या उलट, काहीतरी खटकतंय म्हणून मशिन थांबवणं हा अधिकार हेल्परपासून सगळ्यांचा, आणि थांबवल्याबद्दल कुणालाही कधी बोलायचं नाही. खोटी शंका निघाली तरी नाही.

थांबवण्यावरून एक उदाहरण सांगतो, कारण "आमची माणसंच अशी" या प्रश्नाचं इतकं स्वच्छ उत्तर दुसरीकडे मिळणार नाही. कॅलिफोर्नियात फ्रेमाँटला जनरल मोटर्सचा कारखाना होता. गैरहजेरी बेसुमार, मालाचा दर्जा वाईट, युनियन आणि व्यवस्थापनाची रोजची भांडणं. १९८२ साली कंपनीने तो बंद केला. १९८४ मध्ये टोयोटा आणि जनरल मोटर्सने भागीदारीत तोच कारखाना न्यूमी या नावाने पुन्हा उघडला, आणि बहुतेक जुनेच कामगार परत घेतले, त्याच युनियनसह. त्यातल्या शेकडो लोकांना जपानमध्ये टोयोटाच्या ताकाओका कारखान्यात नेऊन शिकवलं. पूर्वी काहीही झालं तरी लाइन थांबवायची नाही असा दंडक होता. आता प्रत्येकाच्या हाताशी एक दोरी आली, अडलं की ओढायची. थोड्याच काळात तिथल्या गाड्यांचा दर्जा जपानच्या कारखान्यांच्या जवळ गेला. माणसं तीच होती.

पण या गोष्टीतली दोरी सगळे सांगतात, दोरी ओढल्यावर काय होतं ते गाळतात. दोरी ओढली की लाइन तत्काळ थांबत नाही. दिवा लागतो, धून वाजते आणि टीम लीडर धावत येतो. त्याच्याकडे मोजकीच चार-सहा माणसं असतात, म्हणून तो येऊ शकतो. गाडी त्या स्टेशनच्या टोकाला पोहोचेपर्यंत दोघांनी मिळून अडचण सोडवली तर लाइन चालूच राहते. नाही सुटली तरच थांबते. म्हणजे तिथे माणसावर निर्णय टाकून कुणी निघून जात नाही. तुमच्या मशिनांवर टॉवर लॅम्प (मशिनची स्थिती दाखवणारे रंगीत दिवे) आहेतच. रात्री साडेअकराला तो लाल झाला तर कोण येतं? सध्या कुणीच नाही, म्हणून तुमचा फोन वाजतो.

आता शिकवण्याबद्दल, कारण नुसता अधिकार दिला आणि शिकवलं नाही तर आणखी २२ हब जातील. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या कारखान्यांत नवखी माणसं भरली. त्यांना झटपट तयार करायला १९४० मध्ये 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' नावाचा सरकारी कार्यक्रम सुरू झाला. युद्धानंतर तो जपानला गेला आणि टोयोटाने आपलासा केला. त्याची पद्धत साधी आहे. आधी माणसाला मोकळं करायचं आणि या कामाचं त्याला किती माहीत आहे ते काढून घ्यायचं. मग काम करून दाखवायचं, एकेक पायरी, त्यातला कळीचा मुद्दा सांगत. मग त्याच्याकडून करून घ्यायचं, आणि करता करता त्यानेच मुद्दे सांगायचे. शेवटी त्याला एकट्याला सोडायचं, अडलं तर कुणाला विचारायचं ते सांगून. सुरुवातीला वरचेवर बघायचं, हळूहळू कमी करायचं. त्यांचं एक वाक्य शिकवणाऱ्यांना झोंबणारं होतं: कामगार शिकला नाही, तर शिकवणाऱ्याने शिकवलं नाही.

तुमच्याकडे सुरुवात इन्सर्ट बदलण्यापासूनच करा. एक कागद, तीन रकाने: पायरी, त्यातला मुद्दा, आणि 'का'. आपल्याकडच्या एसओपीत (कामाच्या लेखी पद्धतीत) पहिले दोन असतात, तिसरा कुणी लिहीत नाही. तिसऱ्यात असं येईल: जुना ऑफसेट काढ, कारण राहिला तर बोअर मोठा होईल. बोअर लहान राहिला तर परत कट घेता येतो. मोठा झाला की पीस भंगारात. म्हणून शंका आली तर लहान बाजूला राहा, मोज, मग पुढे जा. ओडीला, म्हणजे बाहेरच्या व्यासाला, हेच उलटं. एवढं कारण ज्याला पक्कं कळलं, तो कागदावर न लिहिलेल्या प्रसंगातही रात्री दोन वाजता योग्य बाजूला झुकेल. ज्याला नुसती आज्ञा पाठ आहे, तो फोन उचलेल.

यापुढचं ट्रेनिंग चाकणला. एक टेंपो ट्रॅव्हलर करा, पार्टीला विनंती करा आणि ऑपरेटरना त्यांची असेंब्ली लाइन दाखवा. आपण केलेल्या बोअरमध्ये बेअरिंग प्रेस होताना एकदा बघितलं की ड्रॉइंगवरचे मायक्रॉन कशासाठी असतात ते वेगळं सांगावं लागत नाही. हॉटेलपेक्षा स्वस्त पडेल, आणि जेवणही बहुधा बरं असेल.

त्या ऑपरेटरचं मात्र लगेच बघा. त्याला झापलं सगळ्यांसमोर, तेव्हा सावरायचंही सगळ्यांसमोरच. केबिनमध्ये बोलावून पाठ थोपटलीत तर फ्लोअरला काहीच कळणार नाही. पाळी बदलताना दोन्ही पाळ्या एकत्र असतात, तेव्हा सांगा: "मशिन उभं न ठेवता इन्सर्ट बदललास ते बरोबर केलंस. ऑफसेटचं आम्ही नीट शिकवलं नव्हतं आणि गेज कोंडून ठेवला होता, ती बाजू आमच्याकडे लागते. आता तो कागद तूच सेटरबरोबर बसून तयार कर." बस. भाषण नको, हारतुरे नकोत. गेज मिळाला, शिकवून झालं, आणि तरीही उद्या कुणी पहिला पीस न मोजता पन्नास काढले, तर तो निष्काळजीपणा. तो वेगळा, आणि त्याचं बोलणं केबिनमध्ये.

सुरुवातीचे काही महिने रिजेक्शनच्या नोंदी वाढतील. घाबरू नका. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांतल्या औषधांच्या चुका तपासल्या होत्या. चांगल्या टीममध्ये चुका कमी दिसतील ही अपेक्षा. आकडे उलटे निघाले. कारण चांगल्या टीममध्ये चुका लपवल्या जात नव्हत्या. तुमच्याकडेही आज किती पीस मशिनमागच्या बिनमध्ये गुपचूप जात असतील, कुणाला ठाऊक. ते आता रजिस्टरमध्ये दिसायला लागतील. आबांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर पहिल्याच महिन्याचं रजिस्टर बघून ते म्हणतील, बघ, मोकळीक दिल्याचा परिणाम.

आबांना फ्लोअरवर येऊ नका असं सांगायच्या फंदात पडू नका, ते येणारच, आणि का येऊ नये? ठरवायचं एवढंच की फ्लोअरवर कुणाचा निर्णय कुणी कुणासमोर फिरवायचा नाही. पटलं नाही तर रात्री जेवताना तुमच्याशी बोलायचं. आणि त्यांना काम द्या. कास्टिंगवर हातोडी टिचकावून आवाजावरून चीर ओळखणारी पिढी आहे ती. हे कुठल्या आयटीआयच्या पुस्तकातून हातात येत नाही. आठवड्यातून एकदा तासभर त्यांना चार-पाच पोरं देऊन बघा. झापण्यातला जोर शिकवण्यात गेला तर सगळ्यांचंच भलं.

तुमचा सुपरवायझर याला आडवा येईल. उघड नाही, हळूच. दिवसातून चाळीस वेळा कुणीतरी विचारायला येतं, यातच त्याचा मान आहे. तो तुम्ही काढून घेताय. त्याला स्पष्ट सांगा की आता त्याचं काम परवानग्या देणं नाही, लाल दिवा लागला की जाणं आणि शिकवणं आहे, आणि त्याचं मूल्यमापन किती ऑपरेटर किती कामं एकट्याने करू लागले यावर होईल. भिंतीवर तक्ता लावा, नावं आणि कामं. ज्याला जे येतं तिथे खूण.

आणि त्या तक्त्याला पगार जोडा. हे तुम्ही विचारलेलं नाही, पण फ्लोअरवर पहिला प्रश्न हाच येईल: मालकाचं डोकंही आम्हीच चालवायचं आणि पगार तोच? प्रश्न रास्त आहे. सेटिंग, ऑफसेट, पहिला पीस तपासणं हे सगळं स्वतः करणारा माणूस वरच्या ग्रेडचा आहे. वाढ दिवाळीच्या बोनसमध्ये मिसळू नका, वेगळी द्या, कशाबद्दल ते पत्रावर लिहून. चाळीसपैकी कंत्राटी किती हे तुम्ही लिहिलं नाहीत. काही महिन्यांनी बदलली जाणारी माणसं असतील, तर आधी निदान बोअरिंगच्या मशिनांवरची माणसं कायमची करा. शिकवलेलं माणूस गेटबाहेर गेलं तर तक्ता कोराच राहतो.

राहिला मॅनेजर. नेमलात तर आजचे फोन तुमच्याऐवजी त्याला जातील. तो कामाचा निघाला तर दोन वर्षांत चाकणची एखादी कंपनी त्याला उचलेल, आणि तुम्ही पुन्हा मला पत्र लिहाल. त्याच्या निम्म्या पगारात रात्रपाळीला एक चांगला सेटर मिळेल. बाहेरून आणण्याआधी तुमच्यातलाच एखादा वाढवता येतो का बघा. क्यूसी रूमची एक किल्ली त्याच्याकडे, आणि लाल दिव्याला धावून जाणं हे त्याचं पहिलं काम. तुमचा नंबर त्याच्याकडे असू द्या, पण वहीतल्या त्या एका पानावरच्या प्रश्नांपुरताच.